मेलेला पक्षी पुरणारा भुंगेरा: ओळखायचा कसा, मोजायचा कसा आणि हात न लावता बघायचा कसा

आधीच सांगतो, जेवताना हे वाचायला घेतलं असेल तर ताट संपवून या. यात कुजलेली कोंबडी आहे, मेलेला लावा आहे, अळ्या आहेत, आणि एका बादलीचा असा वास आहे की माझ्या गाडीच्या डिकीतून तो जायला पुढचा उन्हाळा उजाडला.

विषय आहे अमेरिकन बरिंग बीटल, शास्त्रीय नाव निक्रोफोरस अमेरिकानस. मराठीत याला नाव असायचं कारणच नाही, तो आपल्याकडे नाहीच, मी आपला घरात मढेपुऱ्या म्हणतो आणि बायकोला ते अजिबात आवडत नाही. मढं पुरणाऱ्या भुंगेऱ्यांमध्ये उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा हाच, २५ ते ४५ मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या पेराएवढा किंवा थोडा जास्तच. एकेकाळी अमेरिकेतल्या ३५ राज्यांत आणि कॅनडाच्या तीन प्रांतांत होता, आणि १९८९ मध्ये एंडेंजर्ड (नामशेष व्हायच्या बेतात असलेल्या जीवांच्या) सरकारी यादीत घातला तेव्हा माहिती असलेल्या जागा उरल्या होत्या दोन, ऱ्होड आयलंडमधलं ब्लॉक आयलंड आणि ओक्लाहोमाचा पूर्व भाग. मग लोक शोधायला लागले तसा नेब्रास्का, साउथ डकोटा, कॅन्सस, आर्कन्सा इथेही सापडला, आणि २०२० मध्ये त्याला एंडेंजर्डवरून थ्रेटन्डवर, म्हणजे एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणलं. म्हणजे बरा झाला असं नाही, आयसीयूतून वॉर्डात आला इतकंच.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण पुढचं सगळं हिच्यावर चालतं. या भुंगेऱ्याला पिल्लं काढायला मेलेला प्राणी लागतो, आणि तो कुठलाही चालत नाही. वजन साधारण ८० ते २०० ग्रॅम हवं. उंदीर त्याला छोटा पडतो, रकून (मांजरापेक्षा मोठा, रात्री फिरणारा केसाळ प्राणी) पुरता येत नाही. मधल्या मापाचं मढं पाहिजे, लावा, कबुतर, प्रेअरी चिकन या गवताळ रानातल्या पक्ष्याचं पिल्लू असलं काहीतरी, आणि नेमके हेच पक्षी कमी झाले. पॅसेंजर पिजन नावाचं रानकबुतर तर संपलंच, शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या झूमध्ये मेली (आणि गंमत बघा, आज तेच झू हे भुंगेरे वाढवून रानात सोडतं). त्यात लांडग्यासारखे मोठे शिकारी गेले आणि रकून, ओपोसम, स्कंक माजले, म्हणजे जे काही मरून पडतं ते भुंगेरा पोचायच्या आधीच दुसरा कोणीतरी उचलतो. शिवाय कुरणं तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली, रात्रीचे दिवे वाढले. शास्त्रज्ञ एकाच कारणावर बोट ठेवत नाहीत, पण मला विचाराल तर मापाचं मढं आणि अंधार, या दोन गोष्टी याला मिळाल्या की बाकी तो बघून घेतो.

पहिला नियम: हात लावायचा नाही. हा भुंगेरा फेडरल कायद्याखाली संरक्षित आहे, पकडणं, डब्यात घालणं, घरी नेणं, मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी पिन मारून ठेवणं, काहीच चालत नाही. सर्व्हे करणाऱ्यांकडे अमेरिकन सरकारच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं परमिट असतं, तुम्हाला करायचंच असेल तर परमिटवाल्या बायोलॉजिस्टबरोबर व्हॉलंटियर म्हणून जायचं, मी दोन उन्हाळे तसाच गेलो. फोटो मात्र मनसोक्त काढा.

ओळखायचा कसा, तर इथे लोक हमखास फसतात. पंखांवर चार नारिंगी ठिपके दिसले की झालं, "सापडला सापडला" म्हणून फोटो टाकतात. अरे, चार ठिपके याच्या निम्म्या भाऊबंदांना असतात. पंख सोडा, आधी मान बघा. डोक्याच्या मागे आणि पंखांच्या पुढे जी गोल ढाल असते, तिच्या मधोमध मोठा नारिंगी-लाल डाग असेल तरच हा तो. ढाल पूर्ण काळी असेल तर बहुतेक निक्रोफोरस ऑर्बिकॉलिस, तो आकारानेही लहान आणि पुष्कळ ठिकाणी सापडतो. ढालीवर पिवळी लव असेल आणि उडताना चक्क भुंग्या-माशीसारखा वाटत असेल तर टोमेन्टोसस. आणि सगळ्यात मोठा घोळ नावाचा आहे, "अमेरिकन कॅरियन बीटल" नावाचा एक वेगळाच आहे, चपटा, ढाल फिकट पिवळी आणि तिच्या मध्ये काळा डाग, म्हणजे आपल्याच्या बरोब्बर उलटं. तो जागोजाग दिसतो, त्याचा फोटो पाठवून तज्ज्ञांचं डोकं खाऊ नका.

मानेची खात्री झाली की तोंड बघा, मिशांची टोकं नारिंगी असतात, छोट्या झुपक्यासारखी, त्यांनीच तो वास घेतो. आणि तोंडाच्या जरा वर नारिंगी खूण असते, ती चौकोनी असेल तर नर आणि लहान त्रिकोणी असेल तर मादी. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं की एवढं बारीक कोण बघणार, पण हेडलॅम्प लावून एकदा समोरून बघितला की पुन्हा चुकत नाही, आयडी कार्ड तोंडावर चिकटवल्यासारखं आहे ते.

फोटो काढताना एक वरून घ्या ज्यात ढाल पूर्ण दिसते, एक समोरून, आणि शेजारी मापासाठी नाणं ठेवा. जागा, तारीख, वेळ लिहा आणि राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याला पाठवा. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, प्लीज, कीटक गोळा करणारे हौशी लोक असतात.

कधी आणि कुठे. हा रात्रीचा गडी, आणि थंडीत जमिनीत पुरून घेऊन झोपलेला असतो. रात्रीचं तापमान ६० डिग्री फॅरनहाइटच्या वर राहायला लागलं की बाहेर पडतो, पिल्लांचा मोसम मुख्यतः जून-जुलै. जोराचा वारा किंवा धो धो पाऊस असेल तर तुम्ही झोपा, तोही येत नाही. जगतो साधारण एक वर्षच, म्हणजे एक उन्हाळा वाया गेला की त्या जोडप्याचा खेळ खलास.

सर्व्हेची पद्धत तशी साधी आहे, गलिच्छ आहे एवढंच. पाच गॅलनची प्लॅस्टिकची बादली, तिला कडेपर्यंत जमिनीत पुरायचं म्हणजे चालत आलेला भुंगेरा सरळ आत पडतो, आणि जमीन खडकाळ असेल तर बादली वरच ठेवून खुंट्याला बांधतात, तो उडत येऊन आत उतरतो. तळाला ओलसर माती घालायची, कारण पकडलेल्या भुंगेऱ्याला लपायला जागा हवी आणि सुकून मरता कामा नये, सोबत ओला स्पंजही टाकतात. वर प्लायवुडचा तुकडा, पण तो बादलीला टेकवायचा नाही, खाली चार ठोकळे ठेवून फट सोडायची म्हणजे ऊन-पाऊस अडतो आणि पाहुण्यांना दार उघडं राहतं. वर वीट. वीट विसरलात तर रकून रात्रीत प्लायवुड बाजूला करून आमिष खाऊन जातो आणि वर बादलीत माती उधळून जातो, हे मी एकदा केलंय, म्हणजे विसरलो मी आणि उधळली त्याने.

आमिष म्हणजे कुजलेली कोंबडी किंवा कुजलेला उंदीर. ताजं चालत नाही का, तर येईलही एखादा, पण वास दूर जायला हवा. झाकणाच्या डब्यात घालून काही दिवस उन्हात ठेवायचं, आणि इथे माझा सल्ला सोन्याच्या मोलाचा समजा: डबा कधीही गाडीत आडवा ठेवू नका आणि गाडीत असताना झाकण उघडून "झालं का" म्हणून बघू नका, आत गॅस भरलेला असतो. मी बघितलं. त्यानंतर तीन आठवडे माझ्या गाडीतून कोणी लिफ्ट मागितली नाही.

या वासाचं त्याला काय आहे बघा, तो मैल-दोन मैलांवरून माग काढत येऊ शकतो. पण रोजच्या हिशोबात एका बादलीची पोच साधारण अर्धा मैल धरतात, म्हणून बादल्या जवळजवळ ठेवण्यात अर्थ नसतो, एक मैल अंतराने ठेवायच्या आणि बरेच दिवस त्याच ओळीवर चालायचं.

सकाळी लवकर तपासायचं, दहाच्या आत सगळं उरकलं पाहिजे कारण ऊन चढलं की बादलीचा तवा होतो आणि आतले भुंगेरे मरतात, आणि मग तुम्ही वाचवायला आला होता की मारायला हा प्रश्न. आधी प्लायवुड उचलून दोन मिनिटं लांब उभं राहायचं, वास जायला आणि शिवाय आत अधूनमधून गांधीलमाशी किंवा बेडूक असतो. मग माती हळूच ताटात ओतायची. बहुतेक दिवशी ताटात ऑर्बिकॉलिस, टोमेन्टोसस, शेणकिडे, माश्या, आणि आपला नाही. पाच-सहा दिवस असेच गेले की कंटाळा येतो, मग एके सकाळी त्या काळ्या गर्दीत एक दांडगा नारिंगी मानेचा दिसतो आणि सगळे एकदम गप्प होतात.

परमिटवाले त्याला दोन्ही कडांनी चिमटीत धरतात, तेव्हा तो चिर्र चिर्र आवाज करतो, पोटावर पंखाची कड घासून. वास म्हणाल तर हाताला दिवसभर राहतो, साबणाने जात नाही. अंगावर फिक्या तांबूस रंगाचे बारीक कोळीकिडे पळत असतात, पहिल्यांदा बघणारा म्हणतो अरेरे याला उवा झाल्यात. उवा नाहीत त्या, प्रवासी आहेत. भुंगेऱ्यावर बसून मढ्यापर्यंत येतात आणि तिथे उतरून माश्यांची अंडी आणि लहान अळ्या खातात, म्हणजे भुंगेऱ्याच्या पिल्लांचा वाटा वाचतो. टॅक्सीचं भाडं असं फेडतात. त्यांना झटकायचं नाही.

मोजणी म्हणजे नर-मादी, नवीन की म्हातारा (नव्याचा नारिंगी रंग लखलखीत असतो आणि कवच मऊ लागतं, म्हाताऱ्याचा रंग उतरलेला, जबडे झिजलेले, कधी पाय तुटलेला), डोक्यावर किंवा पंखावर खूण केली की नाही ते, आणि सोडून द्यायचा, तिथेच सावलीत, ओल्या मातीत.

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग, जोडी सोडणं. झूमध्ये वाढवलेले भुंगेरे परत रानात सोडतात ते असे उघड्यावर उडवून देत नाहीत. ओहायोत, मिझुरीच्या वाहकॉनटाह प्रेअरीत २०१२ पासून, त्याआधी मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट बेटावर, पद्धत साधारण हीच. फावड्याने गवताचा एक चौकोन केकच्या तुकड्यासारखा उचलायचा, खाली फूटभर खड्डा, त्यात वितळवलेला फ्रोझन लावा पक्षी ठेवायचा, त्यावर एक नर आणि एक मादी, आणि गवताचं झाकण परत बसवायचं. वरून तारेची जाळी, चारही कोपऱ्यांत खिळे, नाहीतर रकून साहेब आहेतच. झंडी लावून नंबर लिहायचा. लग्न लावून दिल्यासारखं वाटतं, फक्त जेवण आधीच मांडून ठेवलेलं.

खाली काय होतं ते ऐका. दोघं मिळून पक्षी आणखी खाली ओढतात, पिसं काढून टाकतात, अंग वळवून गोळा करतात आणि तोंडातून-मागून सोडलेल्या द्रवाने तो गोळा सगळीकडून माखून काढतात, त्याने बुरशी आणि जंतू रोखले जातात, म्हणजे मढं कुजायच्या ऐवजी टिकतं. लोणच्याला तेलाचा थर देतात तसं समजा. मादी बाजूच्या मातीत अंडी घालते, साधारण १० ते ३०, चारेक दिवसांत अळ्या निघतात आणि सरपटत गोळ्यावर येतात. आणि मग आई-बाप दोघंही त्यांना भरवतात! अळी तोंड वर करून आईच्या जबड्याला डिवचते, आई पचवलेलं मांस तिच्या तोंडात सोडते, चिमणीच्या घरट्यात चालतं तसंच. कीटकांत आई-बाप दोघांनी मिळून पोरं सांभाळणं फार विरळ. अर्थात फार हळवं व्हायचं कारण नाही, अळ्या जास्त झाल्या आणि मढं कमी पडलं तर हेच आई-बाप काही पोरं खाऊन टाकतात. हिशोबी घर आहे.

दहा ते चौदा दिवसांनी तपासणी. गवताचं झाकण सुरीने कडेकडेने सोडवून उचलायचं, फावडं मारायचं नाही, फावडं मारलंत तर जे बघायला आलात ते दोन तुकड्यांत बघाल. हाताने माती बाजूला करत जायचं. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा पक्ष्याचा पत्ता नव्हता, चार-दोन हाडं, काळपट मातीची एक वाटी, आणि त्या वाटीत पांढुरक्या जाड अळ्या, करंगळीएवढ्या, एकमेकींना चिकटून, आणि वरती आई. तिने उजेड बघून चिर्र केलं. मोजायला अर्धं मिनिट, लगेच झाकण बंद. नंतर अळ्या आजूबाजूच्या मातीत शिरून कोष करतात आणि अंडी घातल्यापासून साधारण ४८ ते ६० दिवसांनी नवे भुंगेरे वर येतात.

कुजण्याच्या कामात याची जागा काय, हे मला त्या खड्ड्याशी बसून कळलं. मढं उघड्यावर राहिलं असतं तर त्यावर हजारो माश्या निघाल्या असत्या आणि त्यातला नायट्रोजन वगैरे बराचसा जिथे पडला त्या एका ठिपक्यावर किंवा माश्यांबरोबर उडून गेला असता. हा ते सगळं एका रात्रीत जमिनीखाली नेतो, मुळांच्या हाताशी. वर दुर्गंध नाही, माशी नाही, खाली खत.

आता परमिट नाही, व्हॉलंटियर व्हायला वेळ नाही, तर काय करता येईल. तुम्ही या भुंगेऱ्याच्या पट्ट्यात राहात असाल, म्हणजे पूर्व ओक्लाहोमा, नेब्रास्काच्या सँडहिल्स वगैरे, तर जून-जुलैमध्ये अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवू नका, ठेवायचाच तर पिवळसर, खाली तोंड केलेला आणि मोशन सेन्सरवाला लावा. कुंपणाशी मेलेला पक्षी दिसला तर लगेच पिशवीत भरून कचऱ्यात टाकू नका, राहू दे. आणि आमिष लावून बघायचा प्रयोग त्या पट्ट्यात करू नका, चुकून हाच आला तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात.

पट्ट्याबाहेर असाल तर याचे लहान भाऊबंद बघायला हरकत नाही, खेळ तोच, फक्त छोट्या मापात. मेलेला रानपक्षी उचलून आणू नका, मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टमुळे बहुतेक रानपक्ष्यांचं मढंच काय, पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही. पेट शॉपमध्ये सापांसाठी फ्रोझन उंदीर मिळतो, तो आणा. ग्लोव्ह्ज घाला. वितळवून, एक दिवस बाहेर झाकून ठेवून, संध्याकाळी झाडाखालच्या भुसभुशीत मातीवर ठेवा, वाळूत किंवा कडक मातीत नको. शेपटीला दोन फूट डेंटल फ्लॉस बांधा, ही युक्ती विसरलात तर सकाळी उंदीर कुठे गेला हे शोधत बसाल. वरून अर्ध्या इंचाच्या भोकांची तारेची जाळी उलट्या टोपलीसारखी वाकवून ठेवा आणि तंबूच्या खुंट्यांनी पक्की ठोका, भुंगेरा आत जातो, मांजर जात नाही.

अंधार पडल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन जा, पांढऱ्या उजेडाने ते दबकतात. नशीब असेल तर उंदीर हलताना दिसेल. घाबरू नका, मेलेलाच आहे, खाली भुंगेरा उताणा पडून सहा पायांनी त्याला ढकलत असतो, मध्येच बाहेर येऊन पुढची माती तपासतो, परत खाली. दोन नर आले तर मारामारी होते आणि बहुतेक वेळा आकाराने मोठा जिंकतो. सकाळपर्यंत उंदराच्या जागी थोडी उकरलेली माती आणि मातीत शिरलेला फ्लॉस एवढंच उरलेलं असतं. टोमेन्टोसस आला असेल तर तो खोल पुरत नाही, उथळ खळगा करून वर पालापाचोळा ओढतो, तेव्हा पानं उचलूनही दिसेल.

पहिल्या रात्री कोणी नाही आलं तर जागा बदला, उंदीर तोच राहू दे. तिसऱ्या दिवशी वर माश्यांच्या अळ्याच अळ्या दिसल्या तर हरलात, सगळं खोल पुरा आणि नवीन उंदीर आणा. पुरलं गेलं असेल तर आठवडाभर अजिबात उकरू नका, कितीही हात शिवशिवले तरी, कारण सुरुवातीला त्रास झाला तर जोडी मढं सोडून निघून जाते. आठवड्याने फ्लॉसच्या मागाने चमच्याने माती काढत जा, अळ्या दिसल्या की दोन फोटो, आणि माती होती तशी परत लोटा. तो चमचा स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आमच्याकडे त्यावरून झालंय.